गावच्या पोलिसांना फुकटात चिलखती गाडी मिळतेय. घ्यावी का?

मिझुरीकर

मंडळी, एका विषयावर तुमची मतं हवी आहेत. नुसती चर्चा म्हणून नाही, पुढच्या महिन्यात मला त्याचं काम आहे.

आम्ही सेंट लुईसच्या एका उपनगरात राहतो. गाव छोटं, पण पोलीस खातं स्वतःचं, नगरपरिषद स्वतःची. आमच्या पोलीसप्रमुखांनी परिषदेपुढे प्रस्ताव ठेवलाय की केंद्राच्या १०३३ योजनेतून एक एमरॅप घ्यावा. एमरॅप म्हणजे इराक-अफगाणिस्तानात सुरुंगांवरून न्यायला बनवलेली चिलखती गाडी. सैन्याला नको झालेलं सामान पोलिसांना द्यायचं, अशी ही योजना. १९९७ सालच्या संरक्षणखर्चाच्या कायद्यात १०३३ नंबरचं कलम होतं, त्यावरून हे नाव. आजवर सात अब्ज डॉलरहून जास्त किमतीचं सामान असं वाटलं गेलंय. त्यात रायफली, रात्री दिसणाऱ्या दुर्बिणी आणि गाड्या तर आहेतच, पण फायलींची कपाटं आणि झोपायच्या पिशव्याही आहेत. गाडीची मूळ किंमत सहा-सात लाख डॉलर. गावाने फक्त ती आणायची आणि सांभाळायची.

फर्ग्युसन आमच्यापासून लांब नाही. ९ ऑगस्ट २०१४ ला तिथे मायकल ब्राऊन हा १८ वर्षांचा काळा मुलगा पोलिसाच्या गोळीने गेला. नंतरच्या निदर्शनांमध्ये चिलखती गाडीच्या टपावर बसून लोकांवर रायफल रोखलेला पोलीस तुम्ही सगळ्यांनी फोटोत पाहिलाच असेल. इथल्या लोकांच्या मनातून तो फोटो अजून गेलेला नाही.

दुसरं म्हणजे मुलाला गाडी शिकायचं परमिट मिळालंय. त्याचा काळा मित्र मार्कस, त्याची आई माझ्या बायकोला म्हणाली, "पोलिसाने थांबवलं तर काय करायचं, ते बोललात ना त्याच्याशी?" आमच्या घरी हा विषयच निघाला नव्हता.

परिषदेत नागरिकाला तीन मिनिटं बोलता येतं. बायको म्हणते, व्हिसावर होतास तेव्हा गप्प बसलास ते ठीक, आता नागरिक झालायस तर बोल. बोलू का? आणि काय बोलू? मुळात हा सगळा प्रकार वंशभेदाचा आहे, बंदुकांचा आहे, की पोलिसांच्या प्रशिक्षणाचा?

बोलका_पोपट

फुकट ते पौष्टिक. घ्या! मंडळाच्या गणपती विसर्जनाला उपयोगी पडेल.

टेक्ससचा_बापू

घ्या हो बिनधास्त. मी ह्यूस्टनजवळ राहतो, इतक्या वर्षांत पोलिसांचा वाईट अनुभव म्हणून नाही. रात्री-अपरात्री हायवेवर टायर फुटला तेव्हा मागे दिवे लावून उभा राहिला तो पोलीसच.

पोलिसांकडे ही हत्यारं आली कशी, हे लोक विसरतात. २८ फेब्रुवारी १९९७, लॉस एंजेलिसमधलं नॉर्थ हॉलिवूड. दोन दरोडेखोर बँकेतून बाहेर पडले, अंगभर चिलखत, हातात ऑटोमॅटिक रायफली. पोलिसांकडे पिस्तुलं आणि शॉटगन. गोळ्या लागत होत्या पण आत शिरत नव्हत्या. शेवटी पोलीस जवळच्या बंदुकीच्या दुकानात जाऊन रायफली मागून आणत होते, आणि हे सगळं टीव्हीवर लाइव्ह. गस्तीच्या गाडीत रायफल आली ती त्यानंतर.

७ जुलै २०१६ घ्या. डॅलसमध्ये पोलिसांच्या गोळीबाराविरुद्ध मोर्चा होता. त्या मोर्चाचा बंदोबस्त करणारे पाच पोलीस एका माणसाने टिपून मारले. या देशात माणसांपेक्षा बंदुका जास्त आहेत. पोलिसाने काय शिट्टी घेऊन फिरायचं?

खारुताई

बापू, टायर फुटल्यावर मदतीला येणारा पोलीस मलाही भेटलाय. पण दुसराही किस्सा सांगते.

सासरे पहिल्यांदा आले होते तेव्हाची गोष्ट. नवऱ्याने स्टॉपच्या पाटीपाशी गाडी नीट थांबवली नाही, मागे निळे-लाल दिवे लागले. आम्ही कडेला घेतली. आम्हाला काही कळायच्या आत सासरे दार उघडून खाली उतरले आणि हसत हसत पोलिसाकडे निघाले, एक हात पँटच्या मागच्या खिशात. आपल्याकडे तेच करतात ना? साहेबापर्यंत आपण जायचं, बसून राहिलं तर उर्मटपणा. पोलिसाचा हात पिस्तुलावर गेलेला मी आरशात पाहिला. तो ओरडतोय, सासऱ्यांना ऐकू कमी, ते आणखी दोन पावलं पुढे. नवरा खिडकीतून दोन्ही हात बाहेर काढून मराठीत किंचाळतोय, "बाबा, हात वर! हात वर!" निभावलं. पोलीसही घामाघूम झाला होता बिचारा. सासरे अजून म्हणतात, "एवढं काय झालं होतं रे?"

काय झालं असतं ते २०१५ च्या फेब्रुवारीत अलाबामातल्या मॅडिसन गावात दिसलं. गुजरातहून नातवाला सांभाळायला आलेले ५७ वर्षांचे आजोबा सकाळी फुटपाथवर फिरत होते. कुणीतरी पोलिसांना फोन केला की एक हडकुळा काळा माणूस घरांभोवती घुटमळतोय. आजोबांना इंग्रजी येत नव्हतं. पोलिसाने हात मागे धरून त्यांना जमिनीवर आपटलं, मानेला मार बसून अर्धांगाची पाळी आली. केंद्राने खटला भरला. दोनदा ज्यूरीचं एकमत झालं नाही, मग न्यायाधीशांनी पोलिसाला निर्दोष सोडलं. फोन करणाऱ्याला ते 'काळे' दिसले, एवढं लक्षात ठेवा. आपण स्वतःला कुठल्या रांगेत उभं करतो याला तिथे काही किंमत नव्हती.

नाना_चौकस

मी पुण्यात बसून लिहितोय, चूकभूल द्यावीघ्यावी. पण पोलिसांच्या गोळीने मरणाऱ्यांत गोरेच जास्त असतात असं वाचलंय. मग वंशभेद कसा?

आकडेमोड

नाना, बरोबर वाचलंय, पण अर्धंच.

गंमत म्हणजे सरकारकडे धड आकडाच नव्हता. देशात साधारण १८,००० पोलीस खाती आहेत आणि एफबीआयला माहिती देणं न देणं त्यांच्या मर्जीवर. फर्ग्युसननंतर वॉशिंग्टन पोस्टने २०१५ पासून बातम्या आणि नोंदी गोळा करून मोजायला घेतलं. दरवर्षी हजाराच्या आसपास माणसं पोलिसांच्या गोळीने मरतात, अलीकडे त्याहून जास्तच. यात गोरे संख्येने जास्त. पण काळे लोकसंख्येत १३-१४ टक्के आणि मरणाऱ्यांत साधारण चौथा हिस्सा. दरडोई मरण्याचं प्रमाण गोऱ्यांच्या दुपटीहून अधिक.

आता इथे खरा वाद सुरू होतो. हार्वर्डचा रोलँड फ्रायर हा अर्थतज्ज्ञ, स्वतः काळा. त्याने २०१६ मध्ये अभ्यास मांडला की एकदा पोलिसाशी गाठ पडल्यावर गोळी घालण्यात वर्णाचा फरक दिसत नाही. मात्र ढकलणं, बेड्या घालणं, भिंतीला लावणं हे काळ्यांच्या आणि लॅटिनोंच्या वाट्याला येण्याची शक्यता गोऱ्यांपेक्षा ५० टक्क्यांहून जास्त. पहिलं वाक्य एका बाजूने उचललं, दुसरं दुसऱ्या बाजूने. टीकाकारांचं म्हणणं असं की मुळात गाठ पडते कुणाशी, यातच भेद असेल तर गाठ पडल्यानंतरचे आकडे भेद लपवणारच. विनाकारण थांबवलेले शंभर जण भाजकात घातले की गोळीचं प्रमाण आपोआप कमी दिसतं.

म्हणून मला स्टॅनफर्डवाल्यांची युक्ती आवडते. त्यांनी देशभरातल्या सुमारे साडेनऊ कोटी ट्रॅफिक स्टॉपच्या नोंदी घेतल्या आणि संध्याकाळची एकच वेळ धरून उन्हाळा-हिवाळा ताडून पाहिला. सात वाजता उन्हाळ्यात उजेड असतो, हिवाळ्यात अंधार. रस्ता तोच, घड्याळ तेच. अंधार पडला की थांबवलेल्यांत काळ्या चालकांचं प्रमाण घटतं. चालकाचा चेहरा दिसेनासा झाला की.

बोलका_पोपट

आकडेमोड यांचा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला. पहिल्यांदाच भाजक हा शब्द शाळेबाहेर उपयोगी पडलेला पाहिला.

टेक्ससचा_बापू

आकडे ठीक आहेत. पण गुन्हे कुठे जास्त होतात तेही मोजा की. जिथे खून जास्त तिथे पोलीस जास्त, जिथे पोलीस जास्त तिथे गाठी जास्त. आणि मेम्फिसमध्ये २०२३ च्या जानेवारीत टायरी निकल्स या काळ्या तरुणाला मारहाण करणारे पाचही पोलीस काळेच होते. तिथे कुठला वंशभेद?

काळी_मिरी

बापू, गुन्हे जास्त म्हणून पोलीस जास्त हे सगळीकडे खरं नाही. मी फर्ग्युसनच्या शेजारच्या गावात राहिलेय, तिथलं सांगते.

सेंट लुईस काउंटीत तेव्हा नव्वदच्या आसपास नगरपालिका होत्या, बहुतेकांची स्वतःची कोर्टं. कामाला जाताना एका रस्त्यावर चार गावं लागायची, म्हणजे चार पोलीस खाती. या गावांना धंदा नाही, मॉल नाही, मग तिजोरी कशाने भरायची? दंडाने. केंद्राच्या न्याय खात्याचा मार्च २०१५ चा फर्ग्युसनवरचा अहवाल जरूर वाचा. वस्तीत काळे ६७ टक्के, थांबवलेल्या गाड्यांत ८५ टक्के, अटकेत ९३ टक्के. 'रस्त्यावर नीट न चालणे' असा एक गुन्हा आहे, त्यात ९५ टक्के. काळ्यांच्या गाडीची झडती दुप्पट, आणि झडतीत बेकायदा काही सापडण्याचं प्रमाण गोऱ्यांपेक्षा कमी. म्हणजे बापूंचा हिशोब इथे उलटा पडतो.

त्यात एका बाईचं उदाहरण आहे. २००७ मध्ये तिने एकदा गाडी चुकीच्या जागी लावली. दंड १५१ डॉलर आणि वर फी. बेघर होती, तारखा चुकल्या, प्रत्येक तारखेला नवा दंड आणि वॉरंट. सहा दिवस तुरुंगात काढले. साडेपाचशे डॉलर भरून झाले तरी सात वर्षांनी ५४१ डॉलर बाकीच. दोनदा तिने २५ आणि ५० डॉलरचे हप्ते भरायचा प्रयत्न केला तर कोर्टाने परत पाठवले, पूर्ण भरा म्हणून.

त्याच खात्याने त्याच दिवशी दुसरा अहवाल दिला की मायकल ब्राऊनवर गोळी झाडणाऱ्या पोलिसावर केंद्राचा गुन्हा उभा राहत नाही. हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर बापू म्हणतील लपवलं. 'हात वर असताना मारलं' ही गोष्ट पुराव्यात टिकली नाही. पण शहर पेटलं ते एका गोळीमुळे नाही, दर आठवड्याच्या त्या पावत्यांमुळे. नंतर मिझुरीने कायदा करून दंडातून किती कमवायचं यावर मर्यादा घातली.

मेम्फिसबद्दल: वर्दीचा रंग अंगाच्या रंगावर चढतो. काळा पोलीस काळ्या वस्तीत पाठवलेल्या पथकाचाच नोकर असतो.

हवालदाराची_लेक

सगळे प्रतिसाद वाचले. एक बाजू राहतेय.

माझे वडील मुंबई पोलिसात हवालदार होते. बारा-बारा तासांची ड्यूटी, विसर्जनाला तर घरी कधी येतील याचा पत्ता नाही. हातात काठी. २६/११ च्या रात्री ते बंदोबस्ताला होते, आई सकाळपर्यंत फोनजवळ बसून होती. तुकाराम ओंबळेंनी रायफलची नळी हातांनी धरली हे आपण अभिमानाने सांगतो. मला प्रत्येक वेळी वाटतं की त्या माणसाच्या हातात काही नव्हतं आणि ही आपली शरमेची गोष्ट आहे. त्यामुळे "पोलिसांना एवढं सामान कशाला" असं कुणी म्हटलं की मी लगेच मान डोलावू शकत नाही.

आता मी मिनेसोटात राहते. जॉर्ज फ्लॉइडचा मृत्यू झाला तो चौक माझ्या ऑफिसच्या वाटेवर. मानेवर पोलिसाचा गुडघा नऊ मिनिटं एकोणतीस सेकंद. तिथे गोळी नव्हती, रणगाडा नव्हता. बाबांना मी तो व्हिडिओ दाखवला नाही, त्यांनीच कुठेतरी पाहिला. फोनवर त्यांनी एकच विचारलं, "बाकीचे तिघं काय करत होते?"

मला वाटतं एमरॅपपेक्षा हा प्रश्न मोठा आहे. सोबतचा चुकतोय हे दिसत असताना त्याचा हात धरायला कुणी शिकवतं का? इथल्या अकादमीत मूळ प्रशिक्षण सरासरी २१ आठवड्यांचं. कित्येक राज्यांत केस कापायच्या परवान्याला याहून जास्त तास लागतात. जर्मनीत अडीच-तीन वर्षं शिकवतात.

खारुताई

हवालदाराची_लेक, प्रतिसाद फार आवडला.

नाना_चौकस

अमेरिकेवर बोट ठेवणं सोपं आहे. आपल्याकडे एन्काउंटर झाला की पेढे वाटतात.

गोदाकाठ

नाना +१००. २०१९ च्या डिसेंबरमध्ये हैदराबादेत चार आरोपींना मारलं तेव्हा पोलिसांवर फुलं उधळली होती. पुढे न्या. सिरपूरकर आयोगाने २०२२ मध्ये सांगितलं की गोळ्या जीव घेण्याच्या हेतूनेच झाडल्या होत्या. तेव्हा फुलं उधळणारे कुठे होते? मुंबईच्या लखनभैया बनावट चकमक प्रकरणात २००६ च्या गोळ्यांचा निकाल उच्च न्यायालयात २०२४ ला लागला.

आणि वंशभेद समजायला फर्ग्युसनला जायची गरज नाही. मी बीड-नगर भागात संस्थेचं काम केलंय. तालुक्यात कुठेही चोरी झाली की पहिली जीप पारध्यांच्या पालांवर. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने अख्ख्या जमाती गुन्हेगार ठरवल्या, १९५२ मध्ये त्या विमुक्त झाल्या, ठाण्याच्या डोक्यातून अजून झालेल्या नाहीत. एका पालावर म्हातारी मला म्हणाली होती, आमच्या पोराला मिशा फुटल्या की पोलीस वय विचारायला येतो.

टेक्ससचा_बापू

झालं सुरू. धागा अमेरिकेचा, गाडी बीडला.

गोदाकाठ

बापू, तुम्ही टेक्ससहून पुण्याच्या खड्ड्यांवर धागे काढता तेव्हा आम्ही काही म्हणतो का?

बोलका_पोपट

(पॉपकॉर्न घेऊन बसलोय.)

संपादक

वैयक्तिक नको. भारतातल्या चकमकींवर वेगळा धागा काढावा, इथे फक्त तुलनेपुरतं.

निळी_शाई

तुलनेपुरतंच लिहितो, आणि ही तुलना ओढूनताणून आणलेली नाही.

१९६६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडला ब्लॅक पँथर पार्टी निघाली ती पोलिसांवर पाळत ठेवायला. काळ्या चालकाला थांबवलं की हे लोक ठराविक अंतरावर उभे राहायचे, हातात भरलेली बंदूक आणि कायद्याचं पुस्तक, आणि त्या माणसाचे हक्क मोठ्याने वाचून दाखवायचे. तेव्हा तिथे उघडपणे बंदूक बाळगणं कायदेशीर होतं. लगेच १९६७ मध्ये रेगन गव्हर्नर असताना त्या राज्याने कायदा बदलला. बंदुकीचा हक्क पवित्र, पण कुणाच्या हातातल्या बंदुकीचा?

त्याच पँथरांचं नाव घेऊन १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली. नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार. ओकलंड आणि कामाठीपुरा यांना एकमेकांची ओळख तेव्हापासूनची आहे. ती आपल्या अमेरिकेतल्या पाहुण्यारावळ्यांच्या पार्ट्यांमध्ये मात्र पोचलेली नाही. तिथे काळ्या माणसाला मराठीत काय म्हणतात ते इथे लिहीत नाही, सगळ्यांना माहीत आहे.

आता उघडी बंदूक सोडा, परवान्याची बंदूकसुद्धा. ६ जुलै २०१६, फिलँडो कॅस्टील नावाचा काळा माणूस, मिनेसोटा. शाळेच्या कॅन्टीनमध्ये काम करायचा. गाडी थांबवल्यावर त्याने पोलिसाला स्वतःहून सांगितलं की माझ्याकडे बंदूक आहे. नियमाने वागला. सात गोळ्या. मागच्या सीटवर चार वर्षांची मुलगी. त्याआधीच्या वर्षांमध्ये त्याला किमान ४६ वेळा थांबवलं होतं, बहुतेक किरकोळ कारणांवरून. पोलीस निर्दोष सुटला.

काळी_मिरी

पार्ट्यांबद्दल अगदी. "तो एरिया चांगला नाही" म्हणजे काय, हे कुणी फोडून विचारत नाही.

कोर्टकचेरी

वकिली बाजू कुणी मांडली नाही, म्हणून लिहिते. लांब आहे, चहा घेऊन बसा.

पोलिसाने गोळी कधी घालावी याचे दोन मोठे निकाल. पहिला १९८५ चा. मेम्फिसमध्ये १५ वर्षांचा मुलगा एका घरातून दहा डॉलर आणि पर्स घेऊन पळत होता, कुंपणावर चढताना पोलिसाने डोक्यात गोळी घातली. निःशस्त्र आहे हे पोलिसाला जवळपास खात्रीने दिसत होतं. राज्याचा कायदा म्हणत होता, पळणाऱ्याला मारता येतं. सुप्रीम कोर्ट म्हणालं, त्याच्यापासून कुणाच्या जिवाला धोका असेल तरच.

दुसरा १९८९ चा, आणि आज सगळं त्यावर चालतं. शार्लटमधला एक मधुमेही माणूस. साखर उतरली म्हणून संत्र्याचा रस घ्यायला दुकानात शिरला, रांग पाहून घाईघाईने बाहेर पडला. पोलिसाला वाटलं चोरी करून पळतोय. झटापटीत पाय मोडला. तेव्हा कोर्टाने कसोटी घातली की मागाहून शहाणपण शिकवायचं नाही, त्या क्षणी त्या जागेवरच्या समंजस पोलिसाला काय वाटलं असतं ते बघायचं. ऐकायला रास्त आहे. पण 'तो क्षण' केवढा?

क्लीव्हलँड, २२ नोव्हेंबर २०१४. बारा वर्षांचा टमीर राइस बागेत खेळण्यातलं पिस्तूल घेऊन होता. फोन करणाऱ्याने सांगितलं होतं की बहुधा खोटं आहे, बहुधा लहान मुलगा आहे. ते पुढे कळवलंच नाही. पोलिसांनी गाडी गवतावरून थेट त्याच्या पुढ्यात नेली आणि दोन सेकंदांत गोळी. त्या दोन सेकंदांपुरतं पाहिलं तर पोलीस घाबरला हे पटेल. पण एवढ्या जवळ गाडी नेली कुणी? त्याच्यावर गुन्हा दाखल झाला नाही. शहराने साठ लाख डॉलर दिले.

आता बापूंसाठी. ह्यूस्टनजवळ २०१६ मध्ये भाड्याच्या गाडीवरच्या थकलेल्या टोलवरून एका तरुणाला थांबवलं. गाडी पुढे निघाली तसा पोलीस दाराच्या पायरीवर चढला आणि आत गोळ्या झाडल्या. खालच्या कोर्टांनी फक्त तो शेवटचा क्षण पाहिला. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं की नाही, आधीपासूनचं सगळं चित्र पाहा. टोलचे पैसे! अशा प्रकरणांमध्ये सुरुवात बहुधा याच पातळीची असते. दिवा फुटलेला, नंबरप्लेटवर काहीतरी. त्यामुळे मिझुरीकर, 'वंशभेद की बंदुका की प्रशिक्षण' यातलं मला विचाराल तर मी चौथंच सांगेन: थांबवायचं कमी करा. फुटक्या दिव्याची नोटीस टपालाने येऊ शकते.

टेक्ससचा_बापू

टोलचं प्रकरण माहीत होतं. टपालाची कल्पना वाईट नाही. पण एमरॅपचं काय? उद्या शाळेत कुणी रायफल घेऊन शिरला तर?

गोदाकाठ

बापू, युवाल्डीची शाळा. तुमच्याच राज्यात. २४ मे २०२२ ला ३७६ पोलीस जमले होते, चिलखतं, रायफली, ढाली सगळं होतं. आत पोरं असताना दार उघडायला ७७ मिनिटं लागली.

टेक्ससचा_बापू

त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. माझी पुतणी शिक्षिका आहे. जाऊ दे.

आकडेमोड

एमरॅपवर थोडं. सुरुवातीच्या एक-दोन अभ्यासांत दिसलं होतं की १०३३ च्या सामानाने गुन्हे घटतात. पुढे २०२० मध्ये इतरांनी मूळ नोंदी तपासल्या तर त्याच सदोष निघाल्या, आणि परिणाम उरला नाही. मेरीलँडमध्ये तर सक्तीने प्रत्येक स्वॉट (पोलिसांचं खास सशस्त्र पथक) छाप्याची नोंद ठेवली होती. तो अभ्यास सांगतो की ही पथकं काळ्या वस्त्यांमध्ये जास्त जातात, आणि त्यांच्यामुळे ना गुन्हे कमी झाले ना पोलीस जखमी होणं.

ती सक्ती आली कशी, हे रंजक आहे. २००८ मध्ये तिथल्या बर्विन हाइट्स गावाच्या महापौराच्या घरावर छापा पडला. पार्सलमध्ये गांजा होता, तस्करांनी दुसऱ्याच्या पत्त्याचा वापर केलेला. पोलिसांनी दार फोडलं, दोन लॅब्रेडॉर मारले, महापौर आणि सासूबाईंना बांधून बसवलं. महापौर गोरा. मग कायदा झाला.

नाना_चौकस

कुत्री मेली तेव्हा कायदा झाला, असं म्हणायचं का?

आकडेमोड

महापौराची कुत्री, नाना.

हवालदाराची_लेक

आणि एक, फ्लॉइडच्याच मिनियापोलिस शहरात २०२१ ला पोलीस खातंच बदलून टाकायचं की नाही यावर मतदान झालं. ५६ टक्के लोकांनी नको म्हटलं. लोकांना पोलीस हवेत, असे नकोत. घोषणा देणाऱ्यांना हे उशिरा कळलं.

मिझुरीकर

एवढ्या प्रतिसादांबद्दल आभार. काल पोलीसप्रमुखांना जाऊन भेटलो. माणूस साधा आहे, कॉफी दिली. म्हणाले, एमरॅप पुरासाठी हवाय, मेरामेक नदीला पूर आला की बोटी पोचत नाहीत तिथे ही गाडी जाते. मी विचारलं, मग निदर्शनांना वापरणार नाही असं लेखी द्याल का? ते म्हणाले, हात बांधून घेता येत नाहीत. शिवाय योजनेचा नियम आहे की सामान मिळाल्यापासून वर्षाच्या आत वापरात आणलं पाहिजे. त्या वर्षी पूर आलाच नाही तर?

मुलाचं वेगळंच. त्याला बसवून सांगितलं: हात स्टिअरिंगवर, आतला दिवा लाव, कागद काढण्याआधी विचार, खाली उतरू नकोस. तो म्हणाला, "हे सगळं मार्कसने मला सातवीतच सांगितलंय."

खारुताई

कागद सनव्हायजरला अडकवून ठेवायला सांगा. कप्प्यात हात घालायची वेळच येत नाही.

काळी_मिरी

पुराला बोट घ्या म्हणावं. उंच चाकांचे साधे ट्रकही १०३३ मध्ये मिळतात, ते चिलखती नसतात. तीन मिनिटांत एवढं एकच मागा.

टेक्ससचा_बापू

हे मात्र पटलं. ट्रक मागा.

कोर्टकचेरी

ट्रकच्या जोडीला आणखी एक विचारा: गावाच्या विमा कंपनीला कळवलंय का? नुकसानभरपाई पोलिसाच्या खिशातून जात नाही, शहर देतं, आणि छोटं गाव ती विम्यातून देतं. कॅलिफोर्नियातल्या मेवूड गावाचा विमा २०१० मध्ये रद्द झाला, कारण पोलिसांवरचे दावे. गावाला आपलं पोलीस खातंच बंद करावं लागलं. जे निदर्शनांनी होत नाही ते कधीकधी हप्त्याने होतं. परिषदेतले लोक वंशभेद म्हटलं की हाताची घडी घालतात, प्रीमियम म्हटलं की पेन काढतात.

नाना_चौकस

आणि देखभाल? त्या गाडीचे टायर कुठे मिळणार, कितीला मिळणार, तेही लेखी मागा. आमच्या सोसायटीने जनरेटर असाच 'स्वस्तात' घेतला होता.